पोटातला गुडगुडाट आणि केसपेपरवरचे दोन प्लस

नमस्कार सिस्टर,

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. सकाळी सातला अभ्यासिकेत जाते ती रात्रीच येते. गेले दोन महिने अकराच्या सुमाराला माझ्या पोटातून मोठमोठे आवाज येतात. अभ्यासिकेत पंख्याशिवाय दुसरा आवाज नसतो, त्यामुळे सगळ्यांना ऐकू जातं. शेजारच्या टेबलवरचा मुलगा एकदा हसला. तेव्हापासून मी पोटाशी सॅक दाबून बसते, पाणी पीत नाही, सारखं च्युइंगम खाते. दहाएक मिनिटांनी आवाज आपोआप थांबतो, पण तोवर वाचलेलं डोक्यात शिरत नाही. शेवटी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोट तपासलं, काही नाही म्हणाले, गोळीही दिली नाही. पण केसपेपरवर लिहिलंय: ‘पी/ए सॉफ्ट, एनटी. बीएस प्लस. बोर्बोरिग्माय प्लस प्लस.’ हा शब्द मैत्रिणींपैकी कुणालाच माहीत नाही. मोबाइलवर शोधायला गेले तर आतड्याच्या आजारांची यादीच आली. प्लस प्लस म्हणजे पॉझिटिव्हच ना? अकरा दिवस झाले, झोप नीट लागत नाही. घरी सांगितलेलं नाही, आई लगेच गाडीत बसेल. हा शब्द नेमका काय आहे? कुठून आला? आणि मी काय करू?

– टेबल नंबर २७

टेबल नंबर २७,

आधी उत्तर सांगून टाकते, अकरा दिवस पुरे झाले. बोर्बोरिग्मस म्हणजे पोटात गुडगुडणं. एकदा गुडगुडलं तर बोर्बोरिग्मस, पुन्हा पुन्हा गुडगुडलं तर बोर्बोरिग्माय. एवढंच.

म्हणजे झालं काय, तू डॉक्टरांना सांगितलंस की माझ्या पोटात फार आवाज येतात. त्यांनी तुला झोपवलं, पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि कागदावर लिहून दिलं की हिच्या पोटात फार आवाज येतात. फक्त ग्रीकमध्ये. तू मराठीत नेलेली तक्रार ग्रीक होऊन परत आली आणि तुला ती ओळखू आली नाही.

आता तो अख्खा कागदच वाचू. मी आयुष्यभर सर्जिकल वॉर्डात असले कागद वाचत आले, डॉक्टरांच्या अक्षरासकट. ‘पी/ए’ म्हणजे पर ॲब्डोमेन, पोटाची तपासणी. हे लॅटिन. ‘सॉफ्ट’ म्हणजे पोट मऊ आहे. ‘एनटी’ म्हणजे दाबलं तरी दुखत नाही. ‘बीएस प्लस’ म्हणजे बॉवेल साउंड्स, आतड्याचे आवाज येताहेत. आणि शेवटी ते तुझे बोर्बोरिग्माय, दोन प्लस लावून. हे प्लस पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधले नव्हेत, दुसरी स्टेजही नव्हे. एक प्लस म्हणजे आहे, दोन म्हणजे बरंच आहे. भाजीवाली कोथिंबीर देताना ‘घ्या, भरपूर आहे’ म्हणते, तसे ते दोन प्लस.

त्या ओळीतला खरा महत्त्वाचा शब्द तू वाचलाच नाहीस, कारण तो तुला कळत होता. तो म्हणजे ‘सॉफ्ट’. आत आतडं फुटलेला, पू झालेला पेशंट यायचा तेव्हा त्याचं पोट पाटासारखं कडक लागायचं, हात ठेवू द्यायचा नाही. तुझं मऊ आहे, दुखत नाही आणि आवाज करतंय. अशा पेशंटला आम्ही वॉर्डात कॉटसुद्धा दिली नसती.

राहिला शब्द. तो कुठून आला, हे तू विचारलंस म्हणून बरं वाटलं. बहुतेक जण ‘मला काय झालंय’ एवढंच विचारतात.

मूळ ग्रीक शब्द बोर्बोरिग्मॉस. पुढे वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला लॅटिन कपडे चढवले, म्हणून शेवटी ‘मस’ आणि अनेकवचनात ‘माय’. आता तो मोठ्यानं म्हणून बघ. अभ्यासिकेत नको, जिन्यात जाऊन म्हण. बोर्-बो-रिग्-मॉस. ओठ मिटतात, हवा अडते, सुटते, पुन्हा अडते आणि मग घशाशी जाऊन क्षणभर थांबते. तुझ्या पोटात अकरा वाजता होतं ते याहून वेगळं आहे का? या शब्दाला धातू शोधायला लागत नाही, व्युत्पत्ती शोधायला लागत नाही. कुणा ग्रीक माणसानं पोटाला कान लावला आणि जे ऐकू आलं ते बोलून दाखवलं. ग्रीकमध्ये चिखलालाही बॉर्बोरॉस म्हणतात, म्हणून काही जण या शब्दाचं नातं चिखलाशी लावायला जातात. मला ते ओढूनताणून वाटतं. आवाज समोर असताना चिखलात कशाला उतरायचं?

गंमत त्याच्या शेपटीत आहे. ग्रीकमध्ये आवाजाचं क्रियापद घ्यायचं आणि त्याला ‘ग्मॉस’ लावायचं की आवाजाचं नाम तयार. बोर्बोरीझेन म्हणजे गुडगुडणं, त्यावरून बोर्बोरिग्मॉस. देवाच्या पूजेत बायका जिभेनं लांबलचक आवाज काढायच्या, ते ऑलॉलीझेन, त्यावरून ऑलॉलिग्मॉस. आणि मराठीत आपण काय करतो? गडगडणं, गडगडाट. कडकडणं, कडकडाट. खळखळणं, खळखळाट. त्यांचा ‘ग्मॉस’, आपला ‘आट’. तेव्हा या शब्दाचं मराठी भाषांतर मला कुणी मागितलं तर मी ‘गुडगुडाट’ सांगेन आणि पैज लावून सांगेन. कोशात ‘उदरध्वनी’ वगैरे लिहितील. लिहू देत.

‘बर्बर’ हा शब्दही याच घडणीचा. परक्यांची भाषा ग्रीकांच्या कानाला नुसती बर-बर ऐकू यायची, म्हणून ती माणसं बार्बारॉस. आपल्याकडे संस्कृतातही बर्बर आहेच. कानाला कळेना की अक्षर दोनदा म्हणायचं, ही सवय बरीच जुनी दिसते.

हे शब्द ग्रीकांनाही भारदस्त वाटत नसावेत. ॲरिस्टोफनीस नावाचा त्यांचा विनोदी नाटककार, त्याचं ‘ढग’ नावाचं नाटक इसवी सनापूर्वी ४२३ मध्ये अथेन्समध्ये झालं. त्यात एक म्हातारा शेतकरी सॉक्रेटिसाकडे शिकायला येतो. सॉक्रेटिस त्याला पटवत असतो की वीज कडाडते ती झ्यूस देवामुळे नव्हे, पाण्यानं भरलेले ढग एकमेकांवर आपटतात म्हणून. म्हाताऱ्याला काही उमजत नाही. तेव्हा सॉक्रेटिस विचारतो, अरे, उत्सवात रस्सा भरपेट ओरपलास की पोटात काय होतं? म्हाताऱ्याची ट्यूब पेटते. तो आवाज करूनच दाखवतो: आधी पापाक्स पापाक्स, मग पापापापाक्स. पोटातलं गडगडणं आणि आभाळातलं गडगडणं एकच, हे त्याला पटतं. आपल्याला तर एवढी नक्कलही करावी लागत नाही. आभाळात गडगडतं, पोटात गुडगुडतं, मध्ये फक्त उकाराचा फरक.

आणि अजून एक. आजची ग्रीक मुलगी भूक लागली की बोर्बोरिग्मॉस म्हणत बसत नाही, तो शब्द तिच्याही डॉक्टरांचा. ती पोटाबद्दल म्हणते, ‘गुर्गुरीझी’. गुरगुरतंय! तुझ्या आजीला हा शब्द ऐकव, तिला भाषांतर लागणार नाही.

आपल्याकडच्या वैद्यांनीही हा आवाज ऐकून ठेवलाय. चरकसंहितेत, पक्वाशयात, म्हणजे मोठ्या आतड्यात, वात बिघडला की काय काय होतं ते सांगताना, शूल (कळ) आणि आटोप (पोट फुगणं) यांच्या शेजारी ‘अन्त्रकूज’, म्हणजे अन्त्रकूजन येतं. अन्त्र म्हणजे आतडं. ग्रीकमध्ये आतड्याला एन्टेरॉन म्हणतात, तुमच्या गॅस्ट्रोएन्टरायटिसमधला ‘एन्टर’ तोच. एन्टेरॉन आणि अन्त्र ही लांबची भावंडं आहेत, एकाच जुन्या भाषेतून निघालेली. आणि कूजन? कोकिळा करते ते कूजन. संस्कृतात कुठल्याही अस्पष्ट आवाजाला कूजन म्हणतात हे खरं, पण मला ते पाखराशिवाय ऐकूच येत नाही. मराठी माणूस जरा रोखठोक. भूक लागली की त्याच्या पोटात कोकिळा येत नाहीत, कावळे ओरडतात.

असं एकदा बघायला लागलीस की डॉक्टरांच्या शब्दांची भीती उतरते. डिस्पेप्सिया ऐकून माणूस खचतो. डिस म्हणजे वाईट, पेप्सिस म्हणजे पचणं, म्हणजेच शिजणं. आपल्या ‘पच्’ धातूचा हा ग्रीक चुलतभाऊ. तेव्हा डिस्पेप्सिया म्हणजे अपचन, अक्षराला अक्षर लावून. पेप्सी हे नावही १८९८ मध्ये अमेरिकेतल्या एका औषधविक्रेत्यानं याच शब्दावरून ठेवलं, ते पेय पचनाला बरं म्हणून. (तू मात्र पिऊ नकोस, पुढे सांगते.) डायरिया म्हणजे आरपार वाहणं. इतकं साधं. डॉक्टर आपल्याला फसवायला हे शब्द वापरतात असं मी म्हणणार नाही. केरळच्या सिस्टरला आणि नाशिकच्या सर्जनला एकच कागद वाचता यावा म्हणून ते असतात. पण पेशंटच्या हातात कागद देताना एकदा तोंडानं मराठीत सांगावं, एवढं मात्र मी वॉर्डात कित्येक तरुण डॉक्टरांना सांगत आले. काही ऐकायचे.

आता तुला एका रात्रीची गोष्ट सांगते.

आमच्या वॉर्डात एक शेतकरी होते, आतड्याला पीळ पडला म्हणून ऑपरेशन झालेले. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की आतडी काही काळ गप्प बसतात. लहान आतडं लवकर जागं होतं, बहुतेक दिवसभरात. जठराला एक-दोन दिवस लागतात. मोठं आतडं सगळ्यात आळशी, त्याला दोन-तीन दिवस. यांचा तिसरा दिवस उलटून गेला तरी पोट मुकं. फुगलेलं, ताणलेलं, नाकात नळी. सर्जन दर राउंडला यायचे, स्टेथोस्कोपचं तोंड तळहातावर चोळून गरम करायचे, बेंबीजवळ लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. आम्ही सगळ्या श्वास धरून. ते मान हलवायचे आणि पुढच्या कॉटवर जायचे. नातेवाइकांना वाटायचं डॉक्टर छातीऐवजी पोट का ऐकताहेत.

चौथ्या दिवशी पहाटे मी औषधांची ट्रॉली लावत होते, तर त्यांची बायको नऊवारीचा पदर सावरत पळत आली. ‘सिस्टर, बोललं!’ मला वाटलं नवरा काहीतरी बोलला. ‘तसं नव्हं, प्वाट बोललं!’ मी जाऊन कान दिला. स्टेथोस्कोप लागलाच नाही. नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी यावं तसा आधी एक खरखरीत आवाज आणि मग लांबलचक गुडगुडाट. शेजारच्या कॉटवरचा पेशंट उठून बसला. सकाळी सर्जन आले, त्यांनी एकच विचारलं, ‘गॅस पास झाला का?’ झाला होता. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा चमचा-चमचा पाणी सुरू केलं.

हे मी नंतर वाचलं तेव्हा चकित झाले: हिप्पोक्रेटीसच्या नावावर जे ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ आहेत, त्यांत रोग्याचं पुढे काय होणार ते कसं ओळखावं यावर एक ग्रंथ आहे. त्यात जवळपास हाच राउंड चाललाय. वारा आवाज न करता सरला तर उत्तम. पण अडकून राहण्यापेक्षा आवाज करून सरलेला बरा, असं तो म्हणतो. आणि बरगड्यांखाली दुखणं, फुगणं नवीन असेल, आग नसेल, तर तिथे बोर्बोरिग्मॉस झाल्यानं ते हलकं होतं, असंही. म्हणजे ज्या शब्दानं तुझी झोप उडवली, तो त्या ग्रंथात रोगी सुटण्याच्या बाजूनं साक्ष देतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला त्या नऊवारीतल्या बाईचा आनंद बरोबर कळला असता.

आता तुझ्या अकरा वाजताकडे येऊ. तुझं वेळापत्रक तू पत्रात पूर्ण लिहिलेलं नाहीस, पण मेसचा डबा किती वाजता येतो हे मला माहीत आहे. रात्री साडेआठला जेवलीस, सकाळी चहा घेऊन सातला टेबलवर, आणि थेट एकला जेवण. बरोबर? साडेसोळा तास. चहातलं दूध-साखर सोडली तर पोटात काही नाही.

रिकाम्या पोटात आतडी नुसती बसून राहत नाहीत. साधारण दर दीड-दोन तासांनी जठरापासून एक लाट निघते आणि लहान आतड्याच्या टोकापर्यंत झाडत जाते. उरलेलं अन्न, रस, मेलेल्या पेशी, जंतू, सगळं पुढे ढकलायचं. रात्री खानावळ बंद झाली की पोरगं खुर्च्या उलट्या टेबलावर ठेवून फरशीवर बादली ओततं, तसं. मोटिलिन नावाचं एक हॉर्मोन ही झाडलोट सुरू करून देतं. तिचा सगळ्यात जोरकस भाग पाच-दहा मिनिटं चालतो. तू लिहिलंस ना, दहाएक मिनिटांनी आपोआप थांबतं? तू मोबाइलवर शोधत बसलीस ते तुझ्या घड्याळानं आधीच सांगितलं होतं. १९६९ मध्ये शुर्झेव्स्की नावाच्या शास्त्रज्ञानं कुत्र्यांच्या आतड्यांवर ही फिरती लाट नोंदवली. त्याच्याही आधी, १९१२ मध्ये, अमेरिकेत कॅनन नावाच्या प्राध्यापकाच्या वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्यानं रबरी फुगा गिळून पोटात ठेवला, फुग्याची नळी बाहेर, आणि भूक लागली की जठर कसं आवळतं ते कागदावर उमटवून घेतलं. फुगा गिळून अभ्यासाला बसणारे विद्यार्थी! आणि तुला सॅक दाबून बसायची लाज वाटते.

पण आवळण्याचा आवाज नसतो, आवाज असतो तो पाण्यात मिसळलेल्या हवेचा. जेवण, पाणी आणि पाचक रस धरून तुझ्या लहान आतड्यातून दिवसाकाठी ८-९ लिटर द्रव जातो, आणि आतड्यांत कुठल्याही वेळी पेलाभर हवा असतेच. भरल्या पोटीही हे चालूच असतं, स्टेथोस्कोप लावला तर मिनिटाला पाच ते तीस-पस्तीस आवाज ऐकू येतात, पण अन्न मध्ये असल्यानं ते दबतात. रिकाम्या नळीत घुमतात. भरला हंडा हलवून बघ आणि तळाला तांब्याभर पाणी उरलेला हंडा हलवून बघ.

आता तू काय काय करतेस ते बघू. च्युइंगम आजपासून बंद. चघळताना हवा गिळली जाते. शुगर-फ्री असेल तर त्यात बहुतेकदा सॉर्बिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो नीट पचत नाही आणि खाली जाऊन आणखी गॅस करतं. आवाज बंद करायला तू त्याला इंधन घालते आहेस. पेप्सी आणि सोडा याच कारणासाठी नको म्हटलं. पाणी सोडलंस ते तर अजिबात नको. घोटघोट पीत जा, लिटरभर एकदम ओतू नकोस. सॅक काढ, तिनं काही होत नाही, फक्त पाठ वाकते.

आणि खा. ती झाडलोट अन्न पोटात पडलं की थांबते, खानावळ पुन्हा उघडली की फरशी धुणं थांबतं तशी. सकाळी सातच्या आधी काही जात नसेल तर नऊला उठून पोहे, उपमा, जे मिळेल ते खाऊन ये. साडेदहाला एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. आत खायला बंदी असेल तर जिन्यात उभी राहून खा, चार मिनिटं लागतात. सकाळचे दोन तास एका मुलाच्या हसण्यात घालवण्यापेक्षा चार मिनिटं स्वस्त.

जेवणानंतर दोन-तीन तासांनी गुडगुडत असेल तर ते वेगळं, ते मोठ्या आतड्यातलं. मेसमध्ये मटकी, चवळी, राजमा आलटूनपालटून असणार. त्यातली काही साखर आपल्याला पचत नाही, खालचे जंतू ती आंबवतात. कडधान्य नीट भिजवून मोड आणून शिजवलं तर हा त्रास कमी होतो. मेसवाल्या काकूंना सांगून बघ, ऐकतील न ऐकतील. दुधानं होत असेल तर दोन आठवडे दूध बंद करून बघ, म्हणजे चहा कोरा. दोन आठवडे कोरा चहा प्यायला लागला तर तू मला शिव्या देशील, पण उत्तर मिळेल.

ज्या गोष्टींना मात्र घाबरायचं त्या सांगते, आणि त्या तुझ्या पत्रात एकही नाहीत. आवाजासोबत पोटात कळा येताहेत, थांबताहेत, परत येताहेत, उलट्या होताहेत, पोट फुगलंय आणि शौच, गॅस दोन्ही बंद, असं झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलात जायचं. आतडं कुठे अडकलं की ते आधी जोरात ओरडतं आणि मग थकून गप्प होतं. शौचातून रक्त, न कळत कमी होणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काही असेल तर साध्या फिजिशियनला दाखवायचं. बाकी नुसता आवाज असेल तर डॉक्टरांनी गोळी दिली नाही हे मला आवडलं. गोळी दिली असती तर तुझी खात्रीच पटली असती की काहीतरी आहे.

राहिला टेबल अठ्ठावीस. त्याचंही पोट वाजतं. मिनिटाला पाच वेळा वाजतं, तो हेडफोन लावतो म्हणून त्याला ऐकू येत नाही. पुन्हा हसला तर मान वर करून शांतपणे सांग, ‘बोर्बोरिग्माय, प्लस प्लस’ आणि परत वाचायला लाग. तो घरी जाऊन शोधेल, आणि त्याला पण आतड्याच्या आजारांची यादी मिळेल.

आईला मात्र हा शब्द फोनवर सांगू नकोस. ‘सकाळी उपाशी बसले की पोटात गुडगुडतं’ एवढंच सांग. ती विचारेल ओवा आहे का. नसला तरी आहे म्हण, आणि संध्याकाळी पाव किलोची पुडी घेऊन ये, कारण पुढच्या रविवारी ती परत विचारणार आहे.